बाहेर उघडणारं दार

३ मार्च

मुख्य साहेब, तक्रार विभाग,

तुमच्या दुकानाच्या एका गिऱ्हाइकाचं हे पत्र. गिऱ्हाईक म्हातारं आहे, निरक्षर आहे आणि तुमची आई आहे. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या दुकानात सगळ्यांच्या लगेच लक्षात आल्या. तिसरी मी कुणाला सांगितलेली नाही, तुमची अब्रू राखली.

लिहून घेताहेत त्या शेजारच्या टायपिस्टबाई. जन्मभर कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टाइप केल्या, त्यामुळे त्यांना एक खोड जडली आहे. तोंडातून निघेल ते सगळं टाइप करतात, गाळत काही नाहीत. मी खोकले तरी विचारतात, हे घालू का. तेव्हा मध्येच काही वेडंवाकडं आलं तर ते माझं समजावं.

आता अहोजाहो पुरे. तुझं नाक मी पुसलेलं आहे, मला ते जमायचं नाही.

गेल्या महिन्यात तुझे बाबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. तुला कळवलं नाही, कारण स्ट्रेचरवरून जाता जाता त्यांनी मला बजावलं, "त्याला कळवायचं नाही." दुखण्याने जीव चालला होता, पण तेवढं मात्र अगदी स्पष्ट बोलले. म्हणून मी कळवत नाहीये. मी तक्रार करतेय.

पडले ते दाराला टेकून पडले. दार आत उघडणारं. मी बाहेरून ढकललं की आत ते कळवळायचे. बिजागऱ्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून दार काढायचीही सोय नाही. शेवटी शेजाऱ्यांनी ते फोडलं. तुझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेलं दार होतं ते, तुला ठाऊक आहे. लोक फोडत होते तेव्हा आतून म्हणाले, "वरच्या कोपऱ्यात मारा, तिथे सांधा आहे." सुताराची जात, मरतानाही लाकडाची काळजी.

ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चार पावलं टाकतात. पण वॉर्डातली सिस्टर फार कडक आहे. म्हणाली, "बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा आणि वॉकर जाईल एवढं रुंद करा. मग तुमचा माणूस घरी. तोवर मी सोडणार नाही." तिचं चूक नाही. परत तसेच पडले तर पुन्हा कोण फोडणार?

म्हणून मी तुमच्या दुकानात गेले. पायपुसण्यापासून छपरापर्यंत सगळं मिळतं म्हणे. काउंटरवर एक मुलगी होती, नखं रंगवलेली, स्वभावाने चांगली. तिला सांगितलं, दार बाथरूमचं हवं आणि बाहेर उघडणारं हवं. ती पडद्यावर बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, सिस्टीममध्ये बाथरूमचं दार बाहेर उघडतच नाही."

मी म्हटलं, "सिस्टीम कधी बाथरूममध्ये पडली आहे का?"

ती हसली. मग पुष्कळ वेळ बटणं दाबून म्हणाली, "थांबा, झालं. बाल्कनीच्या दारांना बाहेर उघडायचा पर्याय आहे. मी तुमचं दार बाल्कनीत टाकते." मी अडाणी. मला वाटलं, हा कागदावरचा काहीतरी मार्ग असेल. तिचे आभार मानले. तिच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला, ते आता मला आठवलं की संताप होतो.

काल दार आलं. काचेचं. वरपासून खालपर्यंत स्वच्छ, आरपार काच.

तुमचा फिटर ते घेऊन बाथरूमसमोर उभा. मी म्हटलं, "दादा, हे काय आहे?"

"दार आहे, मावशी."

"ही बाथरूम आहे."

त्याने कागद पाहिला. "इथे बाल्कनी लिहिलंय."

"तुला इथून आभाळ दिसतंय का?"

त्याने आत डोकावलं. कमोड पाहिला, बादली पाहिली, पुन्हा कागद पाहिला आणि कागदावर विश्वास ठेवला. दार बसवून गेला. जाताना म्हणाला, "उजेड छान येईल."

उजेड छान येतो. स्वयंपाकघरातून मी आंघोळ करताना दिसते. काचेवर जुनी चादर लटकवली आहे. पण तुझ्या बाबांना या दारामागे बसवायचं, असा माणूस, ज्याने आयुष्यात माझ्यासमोर कधी बनियन काढला नाही?

तुमच्या फोनवर तक्रार केली. आधी संगीत वाजतं, मग एक बाई म्हणते, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी म्हटलं, मग उचल ना. ती पुन्हा तेच म्हणाली. टायपिस्टबाईंनी नंतर सांगितलं की ती बाई नाही, यंत्र आहे. मी तिच्याशी बराच वेळ भांडले होते.

माझ्या नातीने मागे एकदा चोरून फोन केला होता, तेव्हा बोलण्याच्या ओघात म्हणाली की बाबा आता साऱ्या तक्रारींचे साहेब झालेत. तुझा नंबर तू बदललास, तो तिने दिला नाही, तिला बोलूही नकोस. पण ऑफिसला आलेलं पत्र उघडावंच लागतं, असं टायपिस्टबाई म्हणतात.

तर उघड. दार बदलून दे.

तुझी (हे काय म्हणायचं असतं तक्रारीत) त्रस्त ग्राहक,
आई


११ मार्च

साहेब,

तुझं उत्तर मिळालं. टायपिस्टबाईंनी वाचून दाखवलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून चहा ठेवला.

तू लिहिलं आहेस: प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आपल्या नव्या बाल्कनीचा मनमुराद आनंद घ्यावा.

खाली तुझी सही. मला अक्षर येत नाही, पण तुझ्या सहीची शेपटी मी ओळखते. शाळेत असल्यापासून ती अशीच उजवीकडे पळते. ती शेपटी बघितली आणि क्षणभर मला बरं वाटलं. मग टायपिस्टबाई म्हणाल्या, ही शाईची नाही, छापलेली आहे. सगळ्यांना हीच जाते.

बाप खुबा मोडून पडलाय असं आई कळवते आणि मुलगा तिला बाल्कनीचा आनंद घ्यायला सांगतो. शाब्बास. तुझ्या वेळच्या बाळंतपणात मला टाके पडले होते ते यासाठी.

(टीप. टाक्यांचं वाक्य काढून टाक असं त्यांनी सांगितलं. मी काढत नसते. टायपिस्ट.)

तू वाचलंच नसशील असं या म्हणतात. खालच्या कुणीतरी वाचून यंत्रात घातलं असेल. मला हे बरं वाटावं म्हणून सांगतात. मला यात बरं काय आहे ते कळत नाही. वाचून असं लिहिलंस तर तू दगड. न वाचता लिहिलंस तर दुसरा कुणीतरी दगड, आणि त्याला पगार तू देतोस.

तुझा राग मला समजत नाही असं समजू नकोस. तो पिवळा एप्रन मी पाहिला होता. तू मोठ्या कौतुकाने घेऊन आलास, छातीवर बाबांचं नाव शिवून घेतलं होतंस. म्हणालास, वर्कशॉप बंद करा बाबा, गिऱ्हाईक आता आमच्याकडे येतं, तुम्ही लाकडाच्या काउंटरवर उभे राहा, लोकांना सल्ला द्या, बसून पगार घ्या. तुझ्या मनात वाईट नव्हतं. पण ज्या दुकानामुळे वर्कशॉप ओस पडलं त्याच दुकानाचा एप्रन बापाला घालायला आणायचा, याला अक्कल लागते की अक्कल नसावी लागते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी तो गॅलरीतून खाली टाकला. तू खाली जाऊन उचललास आणि तसाच निघून गेलास. दोघेही सारखेच. एकाला टाकायची घाई, दुसऱ्याला जायची.

त्या दिवसापासून घरात नियम आहे की त्या दुकानाचा खिळासुद्धा उंबरा ओलांडणार नाही. तू विचारशील, मग तू त्याच दुकानात का गेलीस. जवळ पडतं म्हणून. बस दारातच थांबते.

(टीप. कोपऱ्यावरचा सुतार दार करून द्यायला तयार होता. या त्याला नको म्हणाल्या. मी समोर होते. टायपिस्ट.)

या बाईंच्या कोर्टात किती निरपराध फासावर गेले असतील देव जाणे.

तुझ्या बाबांना मी दाराचं काही बोलले नाही. रोज विचारतात, झालं का दार. मी सांगते, होतंय. ते म्हणतात, "एका दाराला एवढा वेळ? मी असतो तर दोन कप चहात बसवलं असतं." आणि मग स्वतःच्या मोडलेल्या खुब्याकडे बघतात. जेवण निम्मं टाकतात. वॉर्डात रात्रंदिवस टीव्ही चालू असतो, बाजूच्या खाटेवरचा माणूस त्यांना काका म्हणतो, ते त्यांना आवडत नाही.

सिस्टर म्हणाली, महिनाअखेर खाट रिकामी करावी लागेल. तोवर घर तयार नसेल तर पेशंटला म्हाताऱ्यांच्या निवासकेंद्रात हलवतात, गावाबाहेर. मी विचारलं, तिथून माणसं घरी येतात का?

ती म्हणाली, "काही येतात."

तेव्हा दार हवंय. लाकडाचं, बाहेर उघडणारं. बाल्कनी नको.

आई


१९ मार्च

साहेब,

काचेचं दार गेलं. लाकडाचं आलं. रुंदही आहे. फिटर तोच. या वेळी कागदावर बाथरूम असं लिहिलेलं होतं, त्यामुळे तो खुशीत होता. बसवून झाल्यावर म्हणाला, "मावशी, बघा." मी हँडल धरून ओढलं. येईना. ढकललं. उघडलं. आत.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाथरूमची दारं आतच उघडतात, मावशी. बाहेर उघडलं तर ओल बाहेर येते, फरशी घसरडी होते. कंपनीचा नियम आहे."

मी त्याला पाणी दिलं आणि जा म्हटलं. मला बोलताच येईना. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही, हे तुला माहीत आहे.

कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले. नाक मुठीत धरून गेले. तो मोठं काम घेऊन परगावी गेलाय, पुढच्या महिन्यात येईल. तेव्हा आता माझ्याकडे तुझ्या दुकानाशिवाय कुणी नाही. खूश?

मग मी दुकानात गेले. टायपिस्टबाईंना बरोबर घेतलं.

तुमचा मॅनेजर पोरसवदा आहे, टाय एवढा घट्ट बांधतो की बोलताना मान लाल होते. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "आजी, सिस्टीममध्ये तुमची तक्रार निवारण झालेली दिसतेय. दार बदलून दिलंय."

"चुकीचं दिलंय."

"आधीचं बाहेर उघडत होतं ना? ते तुम्हीच परत केलंत."

तिथे मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. पण त्याच्या पाठीमागे मला तुमच्या नमुन्याच्या बाथरूम दिसल्या. ओळीने मांडलेल्या, एकापेक्षा एक चकचकीत, नळाला पाणी नाही, कमोडला पाइप नाही. एवढ्या बाथरूम आणि एकीत माणूस नाही. मी सरळ एकीत शिरले, दार लावलं, खाली फरशीवर बसले, पाठ दाराला लावली आणि पाय समोरच्या कमोडला टेकवले. अगदी ते पडले होते तशी.

पुढचं बोलणं टायपिस्टबाईंनी बाहेर उभं राहून टिपलं आहे, तेव्हा त्यात माझी मिठमिरची नाही.

मॅनेजर म्हणाला, "आजी, दार उघडा."

"उघडता येत नाही. मी पडले आहे."

"तुम्ही पडला नाहीत. तुम्ही बसलात."

"बरं, मग बसलेल्या बाईला बाहेर काढ. ते तरी जमतंय का बघू."

त्याने ढकललं. दाराची कड माझ्या पाठीत बसली. "लागलं का?" म्हणाला.

"लागलं. अजून ढकल."

"आजी, जरा बाजूला सरका ना."

"सरकता आलं असतं तर मी उठून तुझ्या कानाखाली वाजवली नसती का?"

लोक जमले. कुणीतरी म्हणालं, आजीबाई आत अडकल्या. कुणीतरी म्हणालं, अँब्युलन्स बोलवा. एकजण शहाणा निघाला, म्हणाला, बिजागऱ्या खोला. तेव्हा गर्दीतून एक आवाज आला, ओळखीचा. तुमचा फिटर होता, सामान न्यायला आलेला. तो म्हणाला, "बिजागऱ्या आत आहेत."

मग तो दाराजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, कळलं."

माझा त्याच्यावरचा राग तिथे संपला. बाकीच्यांवरचा आहे तसा आहे.

पण तुला एक सांगते, हे तिथे कुणाला सांगितलं नाही. आत बसल्यावर बाहेरचे सगळे आवाज एकदम मोठे होतात. जो तो सांगत असतो, हे करा, ते करा, जरा सरका. आणि आतलं माणूस काय सांगतंय ते कुणी ऐकत नाही. त्या दिवशी मी बाहेरून ओरडत होते, उठा हो, जरा बाजूला व्हा हो. ते नुसतं म्हणत होते, ढकलू नकोस. मला वाटत होतं, घाबरलेत. घाबरले नव्हते. मला सांगत होते. तुमच्या त्या कोरड्या बाथरूममध्ये बसून मला रडू आलं. नळ सोडला तर त्यालाही पाणी नाही. असलं दुकान.

मी आपणहून बाहेर आले. मॅनेजरने घाम पुसला आणि म्हणाला, "मी वर कळवतो."

"वर कोण असतं?"

"मुख्य साहेब."

"त्यांना सांग, एक बाई आत आहे आणि दार तिच्यावर ढकलताहेत."

एवढंच. तू येऊ नकोस. तुला वेळ नसतो, मला ठाऊक आहे. दार पाठव.

आई


३० मार्च

अरे,

हे शेवटचं पत्र. म्हणजे माझ्या बाजूने.

दार आलं. बाहेर उघडणारं, लाकडाचं, रुंद. उंबरा काढून जमीन सपाट केली. आत दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवले, ते मी मागितलेसुद्धा नव्हते. फिटरने मनापासून काम केलं, प्रत्येक स्क्रू लावून हाताने ओढून बघत होता. मी विचारलं, "सिस्टीममध्ये हे दार नव्हतं ना?"

म्हणाला, "नव्हतं, मावशी. वरून फोन आला. साहेबांनी स्वतः माप विचारलं. दांडे किती उंचीवर हवेत, पेशंटची उंची किती, तेही विचारलं. मला माहीत नव्हतं, तर म्हणाले, राहू दे, मला माहीत आहे."

मी आत जाऊन कणीक मळत बसले. कणीक मळायची काही गरज नव्हती.

काल यांना घरी आणलं. सिस्टर स्वतः येऊन दार बघून गेली, दोनदा उघडलं, मिटलं आणि सही केली. तुझे बाबा वॉकर धरून थेट दारापाशी गेले. मी सांगायच्या आत त्यांनी बोटाने टकटक केली. "आत पोकळ आहे," म्हणाले. मग कडेवरून हात फिरवला. मग खाली वाकता येत नाही तरी वाकायचा प्रयत्न केला आणि बिजागरीकडे पाहिलं. "कुठलं आहे?"

मी म्हटलं, "दुकानातलं."

"कुठल्या?"

मी गप्प. टायपिस्टबाई दारात उभ्या होत्या, त्याही गप्प. त्यांना गप्प बसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं आता वॉकर फेकतात. ते आत गेले. दार लावलं. आत दांडा धरल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळाने एका बोटाने दार ढकललं, ते सरळ बाहेर उघडलं आणि ते बाहेर आले. कुणाचा हात धरला नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दांडा बरोबर माझ्या कोपराला येतो."

मी म्हटलं, "हो का."

आज सकाळी फोन वाजला. यंत्र नव्हतं, खरी मुलगी होती, आवाज मधात बुडवलेला. तुमचं समाधान झालं का मॅडम, झालं म्हणा म्हणजे तक्रार बंद करते, वरून विचारणा आहे. मी म्हणणारच होते, झालं बाई एकदाचं. तुझं नाव तोंडी न आणता, मान न वाकवता, सगळं मिटत होतं.

तेवढ्यात तुझ्या बाबांनी हात पुढे केला. फोन घेतला.

"मी घरमालक बोलतोय. दार वाजतं."

"कसं वाजतं, सर?"

"कर्र वाजतं. उघडताना."

"सॉरी सर, मी लगेच माणूस पाठवते."

"माणूस नको. तुमच्या माणसांना बिजागरी बसवता येत नाही."

"मग सर, कुणाला पाठवू?"

हे खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "तुमच्या मुख्य साहेबांना येते. त्यांना मी शिकवली आहे."

फोन माझ्या हातात देऊन ते पेपर वाचायला लागले. पेपर उलटा नव्हता, पण पान तेच राहिलं.

मी उठून बाथरूमपाशी गेले. दार उघडलं, मिटलं. सावकाश उघडलं, जोरात उघडलं. टायपिस्टबाईंनीही कान लावून पाहिलं. कसलाही आवाज येत नाही. लोण्यातून सुरी जावी तसं जातं.

फोनवरच्या मुलीला मी सांगितलं, "लिही. वाजतं म्हणून लिही."

तेव्हा आमची तक्रार चालू आहे. रविवारी ये, हत्यारं आणायची गरज नाही, ती इथेच आहेत, त्यांनी सगळी तेल लावून ठेवली आहेत. नातीलाही आण. आणि आल्या आल्या बाबांशी बोलायला धावू नकोस. आधी मला तुझ्याशी त्या बाल्कनीबद्दल बोलायचंय.

आई